पाण्याची बाटली भरलेलीच घरी परत येते, जास्त पाणी प्यायची सवय कशी लावू?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसला बाटली भरून नेता आणि संध्याकाळी ती जवळजवळ तशीच परत येते, मोबाईलवर रिमाइंडर लावून झाला, चार दिवसांनी तो वाजला की नुसता बंद करायला लागलात, आता काय करू. वाचलं आणि लगेच लिहायला बसले, कारण अशी भरलेली बाटली मी पण सात-आठ वर्षं वाहिली आहे, आचऱ्याजवळच्या आमच्या गावातून कणकवलीपर्यंत आणि परत.

मी एका पतसंस्थेत काउंटरला बसते. सकाळी आठची एसटी, तास-सव्वा तासाचा प्रवास, ऑफिस तळमजल्यावर आणि टॉयलेट मागच्या बिल्डिंगमध्ये, त्याची चावी साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. म्हणजे प्रत्येक वेळी चावी मागायची, सगळ्यांसमोरून जायचं, परत आणून द्यायची. मग काय, सकाळी घरातून निघताना अर्धा कप चहा एवढंच पोटात आणि दुपारी डब्याबरोबर दोन घोट. मी स्वतःला हेच सांगायचे की मला तहानच लागत नाही, किंवा कामाच्या नादात लक्षात राहत नाही. पण खरं सांगायचं तर लक्षात राहत होतं, मी टाळत होते, आणि इतकी वर्षं टाळल्यावर मग खरोखरच आठवण यायची बंद झाली.

मग चार वर्षांपूर्वी ऐन श्रावणात, बाहेर धो धो पाऊस, पहाटे तीनला डाव्या कुशीत अशी कळ आली की मला उभंही राहता येईना आणि झोपताही येईना. नवऱ्याने शेजारच्यांची रिक्षा काढली. सोनोग्राफीत मुतखडा निघाला, चार मिलीमीटरचा. एवढा लहान खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो, माझाही नऊ दिवसांनी पडला, पण ते नऊ दिवस मी विसरणार नाही. डॉक्टरांनी मला पाणी किती पिता असं विचारलंच नाही, त्यांनी विचारलं दिवसातून लघवीला किती वेळा जाता. मी म्हटलं दोनदा, कधी तीनदा. ते म्हणाले, इथेच आहे सगळं. एकदा खडा होऊन गेला की दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे एवढं पाणी प्यायचं, कारण लघवी दाट झाली की त्यातले क्षार एकत्र येऊन खडा धरतो, पातळ राहिली तर ते वाहून जातात.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की बाटली, अ‍ॅप सगळं बाजूला ठेवा आणि आपण पाणी का टाळतो ते शोधा. टॉयलेट लांब आहे, घाण आहे, प्रवास आहे, मीटिंगमधून उठायला ओशाळल्यासारखं होतं, नाहीतर ऑफिसातलं पाणीच आवडत नाही. आमच्याकडे किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ लागतं, मग माणसं घोटावर भागवतात. कारण सापडल्याशिवाय रिमाइंडर कितीही वाजला तरी हात बाटलीकडे जात नाही. मी काय केलं, तर साहेबांना सरळ सांगितलं की चावी ड्रॉवरमध्ये नको, दाराजवळ खिळ्याला लावूया. एवढं बोलायला मला दोन दिवस लागले आणि ते लगेच हो म्हणाले. आमच्याकडच्या बाकीच्या दोघीजणी पण हेच सहन करत होत्या, कोणी बोललं नव्हतं.

दुसरी गोष्ट, पाणी कशाला तरी जोडायचं. जे रोज न चुकता होतंच त्याला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर असा अभ्यास केला होता, तो २०१० साली छापून आला, त्यात लोकांनी एकेक छोटी गोष्ट निवडली होती, जसं की दुपारच्या जेवणाबरोबर एक बाटली पाणी, आणि ती आपसूक व्हायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला चक्क २५४. आणि मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही असंही त्यांना दिसलं. मला हे वाचून फार बरं वाटलं कारण मी दहाव्या दिवशीच हरले होते.

माझं असं बसलंय. सासूबाई रात्री तांब्याचा तांब्या भरून पडवीत कोनाड्यात ठेवतात, वर फुलपात्र पालथं. सहाला उठले की दात घासून तिथेच पायरीवर बसून अर्धा तांब्या संपवायचा, घाई न करता. सुरुवातीला मी विसरायचे तर त्या आतून हाक मारायच्या, "गो, तांब्यो भरान ठेवलंय, वायच पाणी पी मगे." सहाला प्यायलेलं असतं त्यामुळे एसटी पकडायच्या आधी मोकळं होता येतं, प्रवासात त्रास नाही, ही वेळ जमणं माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट ठरली. ऑफिसला पोचल्यावर आधी टॉयलेट, मग एक ग्लास, मगच कॉम्प्युटर चालू. चहाच्या आधी पाणी, हे तर आपल्याकडे पूर्वीपासून आहेच, फक्त मी ते सोडून दिलं होतं. आणि घरी आले की गूळ-पाणी. आमच्याकडे पाहुणा दारात आला की आधी गुळाचा खडा आणि पाणी पुढे करतात, मग मी ठरवलं की मी पण दमून आलेली आहे, मला पण पाणी. आता माझी मुलगीच आणून देते. (गूळ आता नखाएवढा खाते, पाणी पूर्ण पिते.) रात्री आठनंतर मात्र थोडंच, नाहीतर झोपमोड होते.

किती प्यायचं यावर लोक फार भांडतात. साधारण तब्येत असेल तर दिवसाला दोन लिटरच्या आसपास, म्हणजे आठ ग्लास, पण ग्लास केवढा ते बघा. मी एका रविवारी लिटरच्या बाटलीने सगळं मोजलं तर आमचं फुलपात्र दीडशे मिलीचं निघालं आणि मी त्याला ग्लास समजत होते! तांब्या साडेसहाशेचा. तुम्ही पण घरातली भांडी एकदा मोजाच. आणि पाणी म्हणजे नुसतं पाणी नाही, पेज, ताक, सोलकढी, आमसुलाचं सार, शहाळं, चहासुद्धा धरा, जेवणातूनही बरंच जातं. कोकम सरबतात साखर असते तेवढं लक्षात ठेवा. मीठही बघा, सुका बांगडा, लोणचं, पापड रोज ताटात असेल तर मुतखड्याचा धोका वाढतो, हे मला डॉक्टरांनी सांगितलं आणि माझ्यासाठी पाणी पिण्यापेक्षा ते जास्त अवघड गेलं.

आपल्या कोकणात अजून एक फसवणूक होते. पारा काही नागपूरसारखा पंचेचाळीसला जात नाही, म्हणून वाटतं आपल्याला कुठे एवढं पाणी लागतं. पण हवा दमट, घाम वाळतच नाही, अंग थंड होत नाही आणि घाम गळतच राहतो. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरताना आमच्या घरात दुपारपर्यंत सगळ्यांचे कपडे पिळून निघतात. आणि पावसात उलट, गारवा असतो, तहान जाणवतच नाही. माझा खडा श्रावणातच दुखला हे मी उगाच नाही सांगत.

मोजत बसायचा कंटाळा आला तर लघवीचा रंग बघा, फिकट पिवळा असेल तर ठीक, गर्द असेल तर कमी पडतंय. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चालू असतील तर रंग तसाही भडक पिवळा येतो, तेव्हा घाबरू नका.

एकदम दोन-तीन लिटर मात्र ढोसू नका, रक्तातलं सोडियम खाली जातं आणि ते धोक्याचं असतं. घरात कोणाला हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर त्यांनी पाणी वाढवायच्या आधी डॉक्टरांनाच विचारायचं, माझ्या सासऱ्यांना दिवसाला दीड लिटरच सांगितलंय आणि त्यांचा तांब्या वेगळा ठेवलेला असतो.

तुम्ही उद्या फक्त सकाळचं एक ठरवा, बाकीचं पंधरा दिवसांनी. आणि टॉयलेटचा प्रश्न असेल तर ऑफिसात बोलाच, एकटीला जमत नसेल तर बरोबर कोणाला तरी घ्या. काय झालं ते इथे खाली लिहा, मी वाट बघते.