अमेरिकन फुटबॉलमधला नवखा वाइड रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) पुढे चालेल की नाही, हे सुरुवातीच्या सामन्यांवरून कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की तुमच्या संघाने ड्राफ्टच्या (कॉलेज खेळाडूंच्या निवडीच्या) पहिल्या फेरीत घेतलेल्या रिसीव्हरचे पाच सामन्यांत अकराच झेल आहेत, तर निवड फसली असं समजायचं का. तेवढ्यावरून मी तरी तसं म्हणणार नाही. झेल आणि यार्ड नंतर बघा. आधी बघा, संघ पास खेळतो तेव्हा हा मैदानात असतो का, आणि असला तर चेंडू त्याच्याकडे टाकला जातो का.

बाकावर बसलेल्या नवख्याची मला फारशी चिंता वाटत नाही. कॉलेजमध्ये बऱ्याच जणांना मोजकेच रूट, म्हणजे झेलासाठी धावायचे ठरलेले मार्ग, पळायला लावतात. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, समोरचा बचाव बघून धावता धावता रूट बदलावा लागतो, आणि क्वार्टरबॅकने (चेंडू फेकणाऱ्याने) एक वाचलं, रिसीव्हरने दुसरं, की चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात. म्हणून प्रशिक्षक घाई करत नाहीत. पण जो पोरगा दर सामन्याला तीस-पस्तीस रूट पळतो आणि त्याच्याकडे दोनच चेंडू येतात, त्याचं मात्र अवघड असतं. क्वार्टरबॅकला जेमतेम तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात जो मोकळा दिसेल आणि ज्याच्यावर भरवसा असेल, त्याच्याकडेच तो टाकतो. टार्गेट, म्हणजे आपल्याकडे टाकलेला चेंडू, मिळवावं लागतं.

२०२० चं उदाहरण घ्या. त्या ड्राफ्टमध्ये जस्टिन जेफरसन २२ वा गेला, त्याच्या आधी चार रिसीव्हर उचलले गेले होते. एलएसयू या कॉलेज संघात शेवटच्या वर्षी तो बहुतेक स्लॉटमधून, म्हणजे आतल्या बाजूने, खेळला, बाहेरच्या बाजूला निभेल का, अशी शंका होती. मिनेसोटासाठी पहिल्या दोन सामन्यांत मिळून ५ झेल, ७० यार्ड. तिसऱ्या सामन्यात पहिल्या अकरात घेतलं, आणि टेनेसीविरुद्ध ७ झेल, १७५ यार्ड! मोसम संपला तेव्हा ८८ झेल आणि १,४०० यार्ड. त्याच्या अगदी आधी, २१ व्या क्रमांकावर, फिलाडेल्फियाने जेलेन रेगरला घेतलं होतं. त्याचे पहिल्या वर्षी ३९६ यार्ड झाले. गंमत म्हणजे २०२२ मध्ये फिलाडेल्फियाने रेगरला मिनेसोटाकडेच धाडून दिलं.

वेगावर लोक उगाच भाळतात. जॉन रॉसने २०१७ मध्ये ४० यार्ड ४.२२ सेकंदांत पळून तेव्हाचा कम्बाइनचा (ड्राफ्टआधीच्या चाचणीचा) विक्रम केला, सिनसिनाटीने नववी निवड खर्च केली, आणि पहिल्या मोसमात त्याच्या नावावर एकही झेल नव्हता. त्याच ड्राफ्टमध्ये ६९ वा गेलेला कूपर कप ४.६२ वाला. २०२१ मध्ये झेल, यार्ड आणि टचडाउन (गोल रेषेपार नेलेले चेंडू) या तिन्हींत लीगमध्ये पहिला तोच होता.

मग वेगाऐवजी बघायचं काय? स्नॅपनंतरची (चेंडू मागे देऊन खेळ सुरू होतो, तो स्नॅप) पहिली तीन पावलं. कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला रोखणारा बचावपटू, तोंडासमोर उभा राहून पहिल्या पाच यार्डांत छातीवर हात टाकतो, त्याला प्रेस म्हणतात. कबड्डीतला चढाईपटू खांदा एकीकडे टाकून पाय दुसरीकडे काढतो, तसं इथे सुटावं लागतं. जो प्रेसमधून सुटत नाही, त्याला प्रशिक्षक स्लॉटमध्ये किंवा स्नॅपआधीच धावायला लावून लपवतात. ती सोय चालते, पण अशा खेळाडूवर मर्यादा येतातच.

सुटलेल्या झेलांनी मात्र घाबरू नका. २०२१ च्या प्री-सीझनमध्ये जामार चेसने इतके चेंडू सोडले की निवडीवरच बोंबाबोंब झाली. एनएफएलच्या चेंडूवर कॉलेजच्या चेंडूसारखे पांढरे पट्टे नसतात, असं तो म्हणाला तेव्हा लोक हसले. त्या मोसमात त्याने १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन केले. हातांपर्यंत चेंडू येतोय म्हणजे मोकळं होणं जमतंय; हे मी जास्त मानतो.

संधीचा भाग उरतोच. पुका नकुआ २०२३ मध्ये पाचव्या फेरीत, १७७ वा. त्याच्याच संघातल्या कपचा हॅमस्ट्रिंग दुखावला नसता तर त्याला सुरुवातीलाच इतका खेळ मिळाला नसता. पण दुसऱ्याच सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध १५ झेल घेतले, आणि कप परतल्यावरही नकुआकडे येणारे चेंडू आटले नाहीत. १,४८६ यार्ड, नवख्यासाठी विक्रम. दार नशिबाने उघडलं असेल, पण आतली जागा त्याने स्वतः धरली.

या हिशेबात न बसणारेही असतात. डेव्हान्टे ॲडम्सला २०१५ मध्ये, दुसऱ्या वर्षी, सहकारी रिसीव्हर जॉर्डी नेल्सन जायबंदी असल्याने भरपूर चेंडू मिळाले, तरी जेमतेम ४८३ यार्ड. ग्रीन बेमध्ये लोक त्याला मोडीत काढून बसले होते. पुढच्याच वर्षी ९९७ यार्ड, १२ टचडाउन. त्यामुळे पहिल्या वर्षी 'हा चालणार' असं मी बेधडक म्हणतो, 'हा संपला' असं म्हणायला मात्र दोन मोसम तरी थांबतो.

तुमच्या खेळाडूचे स्नॅप (तो मैदानात असलेले डाव) आणि टार्गेट प्रो फुटबॉल रेफरन्सवर फुकट मिळतील. स्नॅप आठवड्यागणिक वाढत असतील तर सध्या गप्प बसा. आणि सामना बघताना तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्या), सात-आठ यार्ड हवे असताना, चेंडूमागे न जाता फक्त त्याच्यावर नजर ठेवा: तो मैदानात आहे का, आणि क्वार्टरबॅक आधी त्याच्याकडे बघतो का.