देवपूजा नव्याने हाती घेताना

सोळाही उपचार रोज जमलेच पाहिजेत, असं मनावर घेऊ नकोस. गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य ही पंचोपचार पूजासुद्धा पूर्ण पूजाच आहे.

सकाळी आधी निर्माल्य काढ. मग मूर्ती ताम्हणात घेऊन पळीने पाणी घाल आणि मऊ सुती फडक्याने अगदी कोरड्या पूस. रांगत्या बाळकृष्णाच्या गुडघ्याखाली पाणी साचून राहतं आणि तिथेच पितळ हिरवं पडतं. टाकांना, म्हणजे पत्र्यावर उठवलेल्या देवांच्या प्रतिमांना, फार जप. त्यांचा पत्रा पातळ असतो. घासणी लावली की खंडोबाचा घोडा, देवीचे हात पुसट होत जातात. चिंच-मीठ तांब्यापितळेला लाव, टाकांना नको.

गणपतीला दूर्वा वाहा. तुळस एरवी नको, भाद्रपदातल्या चतुर्थीला मात्र चालते. शंकराला बेल.

कुळाचार मात्र पुस्तकात शोधू नकोस. नवरात्रात घटावर माळ कशी चढवायची, चंपाषष्ठीला खंडोबाची तळी कशी भरायची, हे घरोघरी वेगळं असतं. आजी, आत्या आहेत तोवर त्यांना विचारून वहीत उतरवून घे, हे मी कळकळीने सांगते. निर्माल्य नदीत सोडू नकोस, कुंडीत मातीखाली घाल.