वाचकांचे प्रश्न : धरण आणि भूकंप
प्रश्न : कोयनेचा भूकंप धरणामुळे झाला, असे आमचे आजोबा सांगत. त्यात तथ्य आहे का?

उत्तर : बऱ्याच अंशी आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात १९६२च्या सुमारास पाणी साठू लागल्यावर लहान धक्के वाढले आणि ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे, माणसे साखरझोपेत असताना, सहाहून अधिक तीव्रतेच्या धक्क्याने कोयनानगरची घरे जमीनदोस्त झाली. खडकांतील ताण मुळातच होता. मात्र भेगांत झिरपलेल्या पाण्याचा दाब वाढला, की एकमेकांवर घट्ट दाबले गेलेले खडक सरकणे सोपे होते. म्हणून धरणाने भूकंप ‘घडवला’ म्हणण्यापेक्षा त्याला ‘चालना दिली’ म्हणणे मला अधिक योग्य वाटते. जलाशयाच्या पातळीतील चढउतारांनंतर तेथे आजही भांडी हलवणारे धक्के बसतात.