मुलगी नुसती मशीन चालवत बसणार का?

(पत्राचा सारांश: मुलगी जळगावला एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आयआयटी मुंबईतले इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप पाहून आल्यापासून तिला त्याच कामात जायचंय. दुसऱ्यांचे नमुने तपासत बसण्यात कसलं करिअर, असा वडिलांचा प्रश्न आहे.)

नमस्कार,

काळजी रास्त आहे, पण 'नुसती मशीन' हे मला मान्य नाही. ती पाहून आली ते केंद्र म्हणजे 'सैफ' (सोफिस्टिकेटेड अ‍ॅनालिटिकल इन्स्ट्रुमेंट फॅसिलिटी). कोट्यवधींची यंत्रं प्रत्येक कॉलेजला परवडत नाहीत, म्हणून केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने अशी सामायिक केंद्रं उभी केली. शुल्क भरून बाहेरचे संशोधक आणि कंपन्याही तिथे नमुने तपासून घेतात.

टीईएममध्ये, म्हणजे नमुन्यातून इलेक्ट्रॉन आरपार पाठवणाऱ्या मायक्रोस्कोपमध्ये, २०० किलोव्होल्टला इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ०.००२५ नॅनोमीटर, अणूहूनही कितीतरी लहान होते, म्हणून अणूंच्या रांगा दिसू शकतात. मात्र इलेक्ट्रॉन आरपार जायला नमुना साधारण १०० नॅनोमीटरच्या आत हवा. खरी कसोटी तिथे लागते. धातूचा तुकडा घासून ३ मिलिमीटरची चकती करायची, मग आयनांच्या माऱ्याने ती मधोमध भोक पडेपर्यंत झिजवायची आणि भोकाच्या पातळ कडेवर बघायचं. पावडर असेल तर अल्कोहोलमध्ये नीट विखरून एक थेंब तांब्याच्या जाळीवर सोडायचा. नमुना स्वच्छ नसेल तर किरण पडतो तिथेच काळा डाग धरतो. समोर दिसतंय ती नमुन्याची रचना की तयारीतली चूक, हे ओळखणारा माणूस नसेल तर संशोधकाचा शोधनिबंधच चुकतो. याला मी विज्ञानच म्हणते.

नोकरीचं मात्र स्पष्ट सांगते. कायम जागा थोड्या असतात, बऱ्याच जागा प्रकल्पावर, कंत्राटी. त्यामुळे एमएस्सीवर थांबू नये. नेट, गेट देऊन पदार्थविज्ञानात किंवा मटेरियल सायन्समध्ये पीएचडी करावी, तीही जिथे मायक्रोस्कोपवर स्वतः बसू देतात अशाच गाइडकडे. हे प्रवेशाआधी तिथल्या विद्यार्थ्यांना विचारून घ्यावं. पुढे जिओल, थर्मो फिशरसारख्या मायक्रोस्कोप बनवणाऱ्या कंपन्यांचा पर्यायही राहतो. जीवशास्त्राची ओढ असेल तर क्रायो-ईएम, म्हणजे प्रथिनांसारखे रेणू गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघण्याचं तंत्र आहे. २०१७चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यालाच मिळालं आणि बंगळूरला त्याचं राष्ट्रीय केंद्र आहे.

सध्या तिने एमएस्सीच्या प्रोजेक्टचा एखादा नमुना स्वतः तयार करावा, देशभरातल्या संशोधन-यंत्रांची माहिती देणाऱ्या आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर जवळचं केंद्र शोधून तपासायला द्यावा आणि शक्य असेल तर त्या दिवशी ऑपरेटरशेजारी बसायची परवानगी मागावी. भाडं तेवढं तुम्ही द्या.