माझ्या नावावर आधीच कोणीतरी मतदान केलंय, आता मला मत देता येईल का? (सोलापूर)

हो, देता येतं, बूथवरनं तसंच परत येऊ नका, केंद्राध्यक्षाला 'टेंडर वोट' पाहिजे म्हणून सांगा. मी विधानसभेला इलेक्शन ड्युटी केलीय म्हणून माहितीय, १९६१ च्या निवडणूक नियमातला ४९-पी बघा. ओळखपत्र दाखवायचं, विचारतील त्याची नीट उत्तरं द्यायची, नमुना १७-बी वर सही करायची, मग मशीनवर नाही तर कागदी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा आणि ती वेगळ्या पाकिटात जाते. पण खरी गोम इथंच आहे, हे मत मतमोजणीच्या दिवशी मोजतच नाहीत, निकालाविरुद्ध ४५ दिवसांत हायकोर्टात याचिका गेली आणि कोर्टानं सांगितलं तरच पाकीट उघडतं. तरी द्याच, कारण एक पार्टी बोगस मतदान झालं म्हणून ओरडते, दुसरी आमची नावं कापली म्हणते, लेखी पुरावा मात्र कुणाकडंच नसतो, तुमची १७-बी वरची सही तो असतो. आणि यादीतनं नावच उडालं असेल तर हे चालत नाही, कार्ड दाखवलं तरी नाही, ते नावनोंदणीचा फॉर्म ६ भरून आधीच करायचं काम. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडी गावचा २०२४ चा वाद ईव्हीएमचा (मतदान यंत्राचा) होता, तो वेगळा, त्यात हे मिसळू नका.