नव्या साधनांची सुरुवात: महिनाभर एकच पुरे

वर्गात वापरायच्या सहा ॲपची तुमची यादी वाचली. उत्साह बघून बरं वाटलं, पण सगळी एकदम वर्गात नेऊ नका. महिनाभर एकच. विज्ञान शिकवता, म्हणून मी ‘फेट’ (PhET) सुचवेन. कोलोरॅडो विद्यापीठाची ही सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करायचे आभासी प्रयोग, मोफत आहेत, मराठीतही मिळतात आणि बरीचशी डाउनलोड करून इंटरनेटशिवाय चालतात.

फक्त पडद्यावर दाखवून मोकळे होऊ नका. विद्युत परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये दोन दिवे एकसर, म्हणजे एकापाठोपाठ एक, जोडा आणि थांबा. तिसरा दिवाही तसाच जोडला तर प्रत्येक दिव्याचा उजेड वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? प्रत्येकाला उत्तर वहीत लिहू द्या. मगच स्विच दाबा. अंदाज चुकलेली मुलं जे प्रश्न विचारतात, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप!

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- वर्गातल्याच प्रोजेक्टरवर आदल्या दिवशी चालवून न बघणं. मागच्या बाकावरून अक्षरं दिसतात का, हेही तेव्हाच कळतं.
- पहिल्याच तासाला सगळ्यांना लॉगिन करायला लावणं. पासवर्डमध्येच तास संपतो.
- बंद पडलं तर काय, हे न ठरवणं. खडू-फळ्याची तयारी ठेवाच.

डॅशबोर्ड, ऑनलाइन गुणनोंदी वगैरे नंतर बघू. आधी हा एक धडा घ्या आणि मुलांनी काय काय अंदाज लिहिले ते नक्की कळवा.