सहाचे चार झाले, तेव्हा नेमके काय गेले?

या वेळच्या पत्रांत एकच विषय निरनिराळ्या अंगांनी विचारला गेला आहे, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवून सर्व जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : पोर्शेने २०१६ मध्ये बॉक्स्टर आणि केमन या गाड्यांतील सहा सिलिंडरचे इंजिन काढून तेथे चार सिलिंडरचे टर्बो इंजिन बसवले आणि गाड्यांच्या नावापुढे ७१८ हा आकडा लावला. नवी गाडी जुनीपेक्षा ताकदवान आहे आणि वेगवानही आहे. तरीही शौकीन मंडळी तिच्यावर इतकी नाराज का? हा निव्वळ जुन्याचा हट्ट नव्हे काय?

उत्तर : हट्टाचा अंश त्यात आहे, पण आपण समजता तेवढा नाही. आधी आकड्यांचे पाहू. जुन्या बॉक्स्टर एसचे ३.४ लिटरचे इंजिन ३१५ अश्वशक्ती आणि ३६० न्यूटन-मीटर टॉर्क (चाके फिरवणारा पिळाचा जोर) देत असे, तर ७१८ बॉक्स्टर एसचे २.५ लिटरचे इंजिन ३५० अश्वशक्ती आणि ४२० न्यूटन-मीटर टॉर्क देते. साध्या बॉक्स्टरमध्ये २.७ लिटरच्या जागी २ लिटरचे इंजिन आले आणि २६५ ची ३०० अश्वशक्ती झाली. पीडीके हा आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स आणि स्पोर्ट क्रोनो हे जास्तीचे पॅकेज असलेली ७१८ बॉक्स्टर एस थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटरचा वेग ४.२ सेकंदांत गाठते, म्हणजे आधीच्या गाडीपेक्षा ०.६ सेकंद लवकर. जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगच्या वळणावळणाच्या शर्यतमार्गावरही तिने जुन्या गाडीपेक्षा १६ सेकंद कमी घेतल्याचे कंपनीने सांगितले होते. घड्याळ हाती घेऊन भांडणाऱ्या शौकिनाची बाजू येथेच पडते आणि हे त्यालाही ठाऊक असते.

मग तो भांडतो कशासाठी? ‘इंजिन लहान झाले’ असे आपण सरसकट म्हणतो, पण त्या तीन शब्दांत तीन वेगळे बदल दडलेले असतात : इंजिनाचे सीसी, म्हणजे सिलिंडरांचे एकूण आकारमान, कमी होते, सिलिंडरची संख्या कमी होते आणि नैसर्गिक श्वास घेणाऱ्या, म्हणजे हवा स्वतःच ओढून घेणाऱ्या, इंजिनाला हवा दाबून आत ढकलणारा टर्बो जोडला जातो. या तिन्हींचा परिणाम वेगळा असतो, आणि नाराजीचा मोठा वाटा पहिल्या बदलाचा नसून उरलेल्या दोघांचा असतो, असे माझे मत आहे.

टर्बोचे आधी सांगतो. जुन्या ३.४ लिटर इंजिनाचा पूर्ण टॉर्क ४५०० आरपीएमला (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना) हाती येत असे आणि त्यानंतरही इंजिन वर चढतच राही, नव्या २.५ लिटर इंजिनाचा पूर्ण टॉर्क १९०० आरपीएमलाच मिळू लागतो आणि ४५०० पर्यंत सपाट राहतो. रोजच्या वाहतुकीत नवे इंजिन सोपे, यात शंका नाही. पण घाटातील एखादे वळण डोळ्यांपुढे आणा. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आहे, वळणाच्या मध्यावर पाय ॲक्सिलरेटरवर हलकेच टेकलेला आहे आणि वळण उलगडू लागताच आपण तो अंगठाभर दाबता. जुन्या इंजिनात पाय जेवढा खाली गेला तेवढाच जोर मागच्या चाकांवर त्याच क्षणी पोचतो, आणि मागचे टायर किती ताण सोसत आहेत हे चालकाला बसल्या जागी कळत राहते. टर्बो इंजिनात मात्र एक्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या वायूने टर्बाइन फिरायचे, टर्बाइनने कॉम्प्रेसर फिरवायचा, मग दाबलेली हवा सिलिंडरमध्ये पोचायची, असा फेरा असतो. हा उशीर आता फार थोडा राहिला आहे, पोर्शेने २.५ लिटर इंजिनात टर्बाइनच्या पात्यांचा कोन बदलणारी रचना वापरून तो आणखी कमी केला. तरी पायाने मागितलेले आणि चाकाला मिळालेले यांत बारीकशी फट राहतेच. अशा मधोमध इंजिन बसवलेल्या दोन गाड्या, एक टर्बो आणि एक बिगरटर्बो, मी एकाच रस्त्यावर पाठोपाठ चालवल्या तेव्हा टर्बो गाडीत मी नकळत पाय थोडा आधी दाबू लागलो होतो. तासाभरात सवय झाली, पण ही सवय करून घ्यावी लागली हेच शौकिनाचे म्हणणे आहे.

दुसरा बदल सिलिंडरचा, आणि तो कानाला कळतो. चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडर इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात तीन स्फोट होतात, चार सिलिंडर इंजिनात दोन. ६००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०० फेरे. तेव्हा सहाच्या इंजिनातून सेकंदाला ३०० स्फोटांचा सूर निघतो आणि चारच्या इंजिनातून २०० चा. म्हणजेच चारचे इंजिन ६००० ला जो सूर लावते, तो सहाच्या इंजिनाने ४००० लाच लावलेला असतो आणि त्याच्यापुढे अजून सप्तकाचा मोठा भाग शिल्लक असतो. त्यात टर्बाइन एक्झॉस्टमधील ऊर्जा खेचून घेते, त्यामुळे आवाजाची धारही बोथट होते. समोरासमोर झोपलेल्या सहा सिलिंडरचे इंजिन यंत्रशास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ पूर्ण समतोल असते, तर तसल्याच चार सिलिंडरच्या इंजिनात किंचित हेलकावा उरतो. ७१८ चा आवाज ऐकून अनेकांनी तिची तुलना सुबारू या जपानी कंपनीच्या गाड्यांशी केली ती याच जातीच्या इंजिनामुळे. सुबारूचा तो घुमारा आवडणारे रसिकही पुष्कळ आहेत, हे येथे नोंदवले पाहिजे. पण बॉक्स्टर घेणाऱ्याने पैसे मोजले होते ते वेगळ्या गाण्यासाठी.

सीसीचे म्हणाल, तर लहान असण्याला शौकिनाची हरकत नसते, याचा पुरावा माझदाच्या एमएक्स-५ मध्ये सापडतो. २०१५ मध्ये आलेल्या तिच्या चौथ्या पिढीत अनेक बाजारपेठांत आधीच्या १.८ लिटरच्या जागी १.५ लिटरचे इंजिन आले. टर्बो नाही, सिलिंडर पूर्वीप्रमाणे चारच, आणि गाडीचे वजनही साधारण एक टनापर्यंत खाली आणलेले. त्या इंजिनाला मनापासून फिरायला आवडते, म्हणून जाणकारांनी त्याचे कौतुकच केले आणि मोठ्या २ लिटर इंजिनापेक्षा तेच अधिक गोड आहे असेही अनेकांनी लिहिले.

प्रश्न : पोर्शेची सुरुवातच चार सिलिंडरच्या गाडीने झाली होती. मग चार सिलिंडरची पोर्शे खरी नव्हे, असे म्हणणाऱ्यांना इतिहास ठाऊक नाही असे समजावे का?

उत्तर : आपला मुद्दा बरोबर आहे, पण त्याने वाद मिटत नाही. १९४८ ची ३५६ चार सिलिंडरची होती. मूळ ७१८ ही १९५७ मधील शर्यतीची गाडीही चारचीच, आणि सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ ही अवघड शर्यत त्या मालिकेतील गाड्यांनी १९५९ आणि १९६० अशी दोन वर्षे जिंकली. पुढे सहा सिलिंडरची ९११ महाग पडते म्हणून १९६५ पासून चार सिलिंडरची ९१२ विकली गेली आणि तिलाही चांगले गिऱ्हाईक मिळाले. तथापि बॉक्स्टर १९९६ मध्ये जन्मली तीच सहा सिलिंडर घेऊन, आणि वीस वर्षे तिने तोच सूर लावला. घराण्याचा इतिहास जुना असला तरी ऐकणाऱ्याची तक्रार या गायकाविषयी आहे. कंपनीने ७१८ हे नाव शोधून काढले त्यात मला तरी इतिहासप्रेमापेक्षा वकिली अधिक दिसते.

प्रश्न : ग्राहकांना नको असेल तर कंपन्या इंजिने लहान करतात तरी कशासाठी?

उत्तर : कारण कंपनीला ग्राहकाइतकेच, किंबहुना अधिक, सरकारचे ऐकावे लागते. युरोपीय संघाने कंपन्यांच्या नव्या गाड्यांमधून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी ठरवून दिली : २०१५ साठी किलोमीटरला १३० ग्रॅम आणि २०२१ पर्यंत ९५ ग्रॅम. स्पोर्ट्स गाड्या थोड्या विकल्या जात असल्या तरी समूहाच्या हिशेबात त्यांचीही भर पडते.

दुसरे कारण कराचे, आणि ते अधिक रोकडे आहे. चीनमध्ये गाडीवरचा उपभोग कर इंजिनाच्या सीसीवर चढत जातो : दीड ते दोन लिटरला ५ टक्के, दोन ते अडीचला ९, अडीच ते तीनला १२, तीन ते चारला २५ आणि चारच्या वर ४० टक्के. आता जुन्या आणि नव्या बॉक्स्टरची इंजिने या कोष्टकावर ठेवून पाहा. २.७ लिटरच्या जागी २ लिटर आल्यावर १२ टक्क्यांचे ५ होतात आणि ३.४ च्या जागी २.५ आल्यावर २५ टक्क्यांचे ९ होतात. दोन्ही नवी इंजिने आपापल्या पायरीच्या वरच्या काठावर नेमकी बसलेली आहेत. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

ही क्लृप्ती नवीही नाही. इटलीत एके काळी दोन लिटरवरील इंजिनाच्या गाड्यांवर फार चढा कर होता, म्हणून फेरारीने ३०८ या गाडीचे तीन लिटरचे व्ही-८ (आठ सिलिंडरचे) इंजिन दोन लिटरपर्यंत आकसून २०८ नावाची गाडी तेथील बाजारासाठी काढली होती. तिची ताकद १९८० च्या सुमारास १५५ अश्वशक्तीवर आली होती. पुढे १९८२ मध्ये त्याच इंजिनाला टर्बो जोडून ती २२० पर्यंत नेण्यात आली. लहान इंजिन आणि त्यावर टर्बो हा आजचा उतारा फेरारीच्या दुकानात तेव्हाच तयार झालेला होता.

प्रश्न : लहान टर्बो इंजिनाने प्रत्यक्ष रस्त्यावर इंधन खरोखर वाचते का?

उत्तर : पाय हलका असेल तर वाचते. कमी भारावर चालणारे मोठे इंजिन अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून, म्हणजे हवेच्या झडपेतून, हवा ओढण्यात ऊर्जा वाया घालवते, आणि लहान इंजिनात हे नुकसान कमी असते. परंतु टर्बोचा दाब वाढवून जोर काढू लागलात की लहान इंजिनही मोठ्याइतकीच हवा आणि त्या प्रमाणात इंधन घेते. काही इंजिनांत तर आतले तापमान आवरण्यासाठी जास्तीचे इंधन सोडले जाते. युरोपात २०१७ पर्यंत वापरली जाणारी जुनी चाचणी फार मवाळ होती, त्यामुळे तिच्यात या इंजिनांना गुण जास्त पडत.

प्रश्न : शौकिनांच्या नाराजीने एखाद्या कंपनीने निर्णय फिरवला आहे, असे कधी घडले आहे का?

उत्तर : घडले आहे, आणि उदाहरण याच गाडीचे आहे. २०१९ मध्ये पोर्शेने ७१८ स्पायडर आणि केमन जीटी४ या वरच्या आवृत्त्यांत टर्बो नसलेले ४ लिटरचे सहा सिलिंडर इंजिन बसवले, ताकद ४२० अश्वशक्ती. पुढच्याच वर्षी त्याच इंजिनाची ४०० अश्वशक्तीची आवृत्ती ७१८ च्या जीटीएस या प्रकारात आली आणि तेथील २.५ लिटरचे टर्बो इंजिन मागे पडले. मौज अशी की दोन्ही जीटीएसचा कमाल टॉर्क जवळपास सारखाच आहे, वेगातही नाव घेण्यासारखा फरक नाही, तरीही जी आनंदाची लाट उठली ती पाहता घड्याळाचा मुद्दा कधीच नव्हता हे दिसून आले. मात्र साध्या ७१८ मध्ये आणि एसमध्ये चार सिलिंडरच राहिले. सहाचा सूर परत मिळाला, पण महागड्या तिकिटावर.

उलट बाजूही आहे. फोर्डने १९७४ साठी काढलेल्या मस्टँग २ मध्ये व्ही-८ इंजिन अजिबात ठेवले नव्हते, २.३ लिटरचे चार सिलिंडर आणि २.८ लिटरचे व्ही-६ एवढीच निवड होती. शौकीन आजही त्या गाडीचे नाव निघाले की नाक मुरडतात. पण बाजारात येताच तेलटंचाई आली आणि त्या वर्षी ती पावणेचार लाखांहून अधिक विकली गेली, म्हणजे आदल्या वर्षाच्या सुमारे तिप्पट. व्ही-८ पुढच्याच वर्षी परतले हे खरे, परंतु नाराज होणारे आणि विकत घेणारे हे दोन वेगळे जमाव असू शकतात, हे कंपन्या तेव्हापासून जाणून आहेत.

मर्सिडीज-एएमजीच्या सी ६३ या गाडीविषयी तिघांनी विचारले आहे. २०२२ मध्ये तिच्यातील ४ लिटरचे व्ही-८ जाऊन २ लिटरचे चार सिलिंडर इंजिन आणि विजेची मोटर आली; एकत्रित ताकद ६८० अश्वशक्ती, पण वजन २१०० किलोच्या वर. तेथील नाराजी मला पोर्शेपेक्षा अधिक पटते, कारण आवाज गेला आणि त्याच्या बदल्यात हलकेपणाही मिळाला नाही. नावातील ६३ हा आकडा ६.३ लिटरचा, असे सांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की मूळ इंजिनही ६२०८ सीसीचेच होते. याउलट फेरारीने २०२१ मध्ये २९६ जीटीबी या गाडीत आठाचे सहा सिलिंडर केले, विजेची मोटर जोडली, तरी एवढा गदारोळ झाला नाही. ते व्ही-६ इंजिन ८५०० आरपीएमपर्यंत चढते आणि चढताना गाते. ऐकणाऱ्यांनी सिलिंडर मोजले नाहीत.

प्रश्न : मी वापरलेली चार सिलिंडरची ७१८ घेण्याच्या विचारात आहे. मित्र थट्टा करतात. काय करावे?

उत्तर : गाडी थंड असताना स्वतः सुरू करा आणि पहिली दोन मिनिटे काचा खाली ठेवून नुसते बसा, आवाज खटकणारा असेल तर तो तेव्हाच खटकेल. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमपासून पाय दाबून पाहा, आणि मग एखाद्या ओळखीच्या वळणावर न्या. स्टिअरिंग, ब्रेक आणि मधोमध बसवलेल्या इंजिनाचा तोल यांत या गाडीला नावे ठेवणारा मला अद्याप भेटलेला नाही. सहा सिलिंडरची जुनी गाडी त्याच दिवशी चालवून पाहता आली तर अवश्य पाहा, मात्र चारची आधी चालवा. गाडीला आसने दोनच असल्यामुळे मित्रांपैकी एकालाच बरोबर नेता येईल. जो सर्वांत जास्त हसतो त्याला न्या, आणि परतीच्या वाटेवर किल्ली त्याच्या हाती द्या.